ताईच्या लग्नातला राजीनामा

परवा दुपारी जेवून जरा आडवी झाले होते, तर फोन थरथरायला लागला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. मुंबईत एका मंत्र्यानं राजीनामा दिला होता. कोण, कशापायी, हे गल्लीतल्या पोरासोरांना माहीत आहे, मी वेगळं काय सांगू? पण आमच्या घरच्या ग्रुपवर, जिथं एरवी वाढदिवस आणि देवाचे फोटो यापलीकडं काही येत नाही, तिथं अर्ध्या तासात दोन तट पडले. एक चुलतभाऊ फटाक्यांची चित्रं टाकतोय, दुसरा 'काळा दिवस' म्हणून रडतोय, आणि दोघांच्या घराची भिंत एक आहे, एकमेकांकडं विरजण मागायला जातात. मी लिहिलं, "मेल्यांनो, जेवलात का ते सांगा आधी," आणि फोन उशीखाली दाबला. पण झोप काही लागली नाही. नाकात वास यायला लागला, करपलेल्या येसराचा. इतकी वर्षं झाली, माझी पन्नाशी उलटली, तरी कुठल्याही मंत्र्यानं राजीनामा दिला की मला तोच वास येतो. आता हसायचं असेल तर हसा.

येसर भाजणं म्हणजे आमच्याकडं लग्नघरातलं सगळ्यात नाजूक काम. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, मिरच्या, सगळं वेगवेगळं, मंद आचेवर, हात न थांबवता भाजायचं. मग एकत्र दळायचं, आणि लग्नाच्या पंगतीला त्या पिठाची आमटी करायची. हात थांबला की संपलं. ताईच्या लग्नाला बारा दिवस होते. भोकरदनच्या आमच्या घराच्या अंगणात तीन चुली पेटलेल्या, दोरीवर शेवया वाळताहेत, गल्लीतल्या सात-आठ बाया बसलेल्या. आई मोठ्या कढईपुढं होती. तिला आम्ही बाई म्हणायचो. मी सतरा वर्षांची, बारावीचे पेपर देऊन मोकळी झालेली, माझ्याकडं सरपण सारायचं आणि चहा फिरवायचं काम. इंदूताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. नवरी म्हणून तिला कुणी चुलीजवळ येऊ देत नव्हतं, ती ओसरीवर साड्यांना फॉल लावत बसली होती. लावत कसली, दोन टाके घालायची आणि गालातल्या गालात हसायची. नवरा अशोक, मंठ्याच्या बाजूचा, शाळेत मास्तर. त्याची तीन पत्रं तिनं शिवणाच्या डब्यात रिळांच्या खाली ठेवली होती. मी चोरून वाचली होती, तिला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक होतं की तिला ठाऊक आहे.

आत टीव्हीवर संध्याकाळच्या बातम्या लागल्या. साहेबांचं नाव आम्ही अंगणात ऐकलं. साहेबांचं नाव बातम्यांत आलं की माझे वडील, आप्पा, आतून हाळी द्यायचे, "ए, या रे सगळे, साहेब आले!" जसे काही दारात येऊन उभे राहिले. त्या दिवशी नाव आलं आणि हाळी आली नाही. बाईनं मान वर केली. मग बाबुराव बाहेर आले. आप्पांचे जिवाभावाचे मित्र, दिवसातून तीन वेळा आमच्या घरचा चहा पिणारे. अनवाणीच अंगणात आले, म्हणाले, "वहिनी, घात झाला. साहेबांचं मंत्रिपद गेलं. राजीनामा घेतला त्यांचा." बाया उठल्या, मी उठले, ताई साडी तशीच टाकून आत पळाली. बाईसुद्धा उठली. आणि मागं कढईत येसर करपलं. बाजरी काळीठिक्कर पडली, धूर घरभर झाला, आणि टीव्हीसमोर आप्पा खुर्चीत बसलेले होते, तोंड उघडं, हातात अर्धा खाल्लेला पापड. मी आप्पांना असं कधी पाहिलं नव्हतं. आजा वारला तेव्हासुद्धा नाही.

साहेब म्हणजे आमच्या जिल्ह्यातले मंत्री. आप्पा साहेबांचा माणूस. आमची मोसंबीची बाग होती, शेत होतं, पण कुणी विचारलं तर आप्पांची ओळख एवढीच, साहेबांचा माणूस. जिल्ह्यात कुठंही नारळ फुटो, फीत कापली जावो, आप्पा कडक इस्त्रीचे कपडे घालून साहेबांच्या मागं हजर. बैठकीत साहेबांची तसबीर होती आणि ती रोज पुसायचं काम बाईकडं होतं. ती पुसायची, बोलायची काही नाही. साहेबांचा फोन आला तर आप्पा उभं राहून घ्यायचे. फोनवर माणूस बसलाय का उभा आहे हे पलीकडच्याला काय दिसतंय? पण आप्पा उभे राहायचे, आणि "जी साहेब, जी" म्हणताना मानसुद्धा झुकवायचे. वर्षभर पाझर तलावांच्या कामावरून साहेबांच्या नावानं बोंब चालू होती, तळी कागदावरच बांधली म्हणून. आप्पा म्हणायचे, "जळतात लोकं. बिलकुल खोटं आहे."

आता आमच्याच घरात जे झालं ते सांगते, म्हणजे कळेल की आम्ही किती शहाणे. गुरुजींनी ताईच्या लग्नाच्या तीन तिथी काढून दिल्या होत्या. पहिली तिथी बाईला पसंत, ताईला पसंत, मुलाकडच्यांना पसंत. आप्पा तो कागद घेऊन साहेबांच्या पीएकडं गेले आणि साहेबांच्या दौऱ्यात बसणारी शेवटची तिथी ठरवून आले. बाई म्हणाली, "तुमच्या साहेबाला सवड होईल तवा माझ्या पोरीला हळद लावायची का?" आप्पा म्हणाले, "नामदार येऊन राह्यलेत तुझ्या पोरीच्या लग्नाला. नशीब लागतं." पत्रिकेवर गणपतीच्या खाली, दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांच्या वर, ठळक अक्षरात साहेबांचं नाव छापलं. मुलाचे वडील दिगंबरराव दुसऱ्या पक्षाचे. त्यांनी पत्रिका पाहिली आणि एवढंच म्हणाले, "पाहुणे म्हणून येतील तर येऊ द्या." पोराला पोरगी आवडली होती ना. पहिली तिथी धरली असती तर राजीनाम्याच्या दिवशी ताई सासरी नांदत असती.

दुसऱ्या दिवशी भोकरदन बंद. आप्पा आणि बाबुराव सगळ्यात पुढं, दुकानांची शटरं ओढत, घसा बसेपर्यंत घोषणा देत. बाबुराव चौकात ढसाढसा रडले, शर्ट फाडून घेतला, "साहेबांसाठी जान देतो" म्हणाले. आणि त्याच चौकाच्या पलीकडच्या कोपऱ्यावर दुसऱ्यांनी फटाक्यांची माळ लावली. एकानं पेढ्यांचा पुडा मुद्दाम आमच्या घरी धाडला. बाईनं तो उघडून म्हशीपुढं ठेवला. म्हशीनं कागदासकट खाल्ला. काल ज्या बाया आमच्या अंगणात बसून शेवया करत होत्या त्यांतल्या निम्म्या आल्या नाहीत. पाटा मागायला पोर पाठवायच्या, स्वतः यायच्या नाहीत. मला धक्का बसला तो याचा. मंत्री गेला मुंबईत, आणि शेवया अडल्या आमच्या.

चौथ्या दिवशी मंठ्याकडून आलेल्या एस.टी.च्या कंडक्टरनं एक गठ्ठा आणून दिला. वरपक्षाला वाटायला दिलेल्या पत्रिका, सगळ्या, एकही न वाटलेली. बरोबर दिगंबररावांची चिठ्ठी. आप्पांनी ती मोठ्यानं वाचली, म्हणजे वाचायला सुरुवात मोठ्यानं केली: "ज्यानं आमच्या गावचं तळं खाल्लं त्याचं नाव लावून माझ्या घरात सून येणार नाही. तो माणूस मांडवात आला तर लग्न लागणार नाही." आप्पांनी चिठ्ठी मुठीत चुरगाळली. "मोडलं! मोडलं हे लग्न. पडत्या काळात साहेबांना सोडू काय मी? माणिकराव म्हणतात मला, दुसरी पोरं काय मेली न्हाईत जगातली!" ताई दाराच्या आड उभी होती. ती रडली नाही. शिवणाचा डबा उचलून माजघरात गेली आणि आतून कडी लावून घेतली.

पाचव्या दिवशी पेपरात फोटो आला. साहेबांच्या जागी आलेल्या नव्या मंत्र्यांचा जालन्यात सत्कार, आणि हार घालणारे हात बाबुरावांचे. नवा शर्ट. आप्पांनी चष्मा लावून पाहिला, काढून पाहिला, परत लावून पाहिला. मग पेपरची घडी घालून ती मांडीखाली ठेवली आणि दुपारपर्यंत तिच्यावर बसून राहिले. दुपारी उठले, म्हणाले, "मी जाऊन येतो त्या दिगंबररावाकडं. तोंडावर सांगून येतो. तळं खाल्लं म्हणे. दाखव म्हणावं पुरावा." ताईनं मला आत ओढलं. "शके, तू जा संगं. तुझ्यापुढं आप्पा शिव्या देणार न्हाईत. लई बोलू देऊ नको त्यान्ला. माझं ऐक." तिचा हात गार पडला होता, वैशाखात. आप्पा पण नाही म्हणाले नाहीत.

सकाळच्या गाडीनं जालना, तिथून मंठा, तिथून पुढं काळीपिवळी जीप. बाईनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती, आप्पांनी हात लावला नाही, मी चार खाल्ले. सतरा वर्षांच्या पोटाला राजकारण कळत नाही. आप्पा वाटेत ओठातल्या ओठात भाषणाची तयारी करत होते. दिगंबरराव उंच, हडकुळे, हळू बोलणारे. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला. आप्पांनी भाषण सुरू केलं, पडता काळ, निष्ठा, अमुक आणि तमुक. ते संपेपर्यंत दिगंबररावांनी ऐकून घेतलं. मग पायात वहाणा घातल्या. "झालं? चला, तळं दाखवतो."

गावाबाहेर, मंठ्याच्या रस्त्याला लागून, मुरमाड रान. एक लिंबाचं झाड. चार शेळ्या. आणि मुरमात मधोमध एक दगडी चौथरा, त्यावर संगमरवरी पाटी, कोनशिला. तळं तर सोडाच, तिथं कुदळीचा एक घावसुद्धा कुणी घातला नव्हता. खाली ओढ्याच्या वाळूत खड्डा करून दोन बाया वाटीनं हंडा भरत बसल्या होत्या. दिगंबररावांनी उपरण्यानं पाटी पुसली आणि वाचायला लागले. पाझर तलावाचा भूमिपूजन समारंभ. शुभहस्ते, साहेब. प्रमुख उपस्थिती, म्हणून पाच नावं. चौथं नाव वाचताना ते थांबले आणि आप्पांकडं वळले. "माणिकराव, भोकरदन. तुम्हीच ना?"

आप्पा पाटीकडं बघत राहिले. घाम कानामागून गळ्यात उतरला. "म्या? म्या कवाच आलो न्हाई इथं. साहेबांच्या लोकांनी न विचारता टाकलं असंल नाव. मी गेल्तो ते गाव दुसरं. तिथं झालंय तळं, बराबर झालंय."

मी लिंबाकडं बघत होते. त्याच्या बुंध्यात, माझ्या डोक्याच्या वर, एक तार रुतली होती. सालीनं ती जवळजवळ गिळली होती, दोन्ही टोकं तेवढी बाहेर. आणि मला सगळं आठवलं. मी सात वर्षांची असताना आप्पांनी मला जीपमध्ये घालून एका गावाला नेलं होतं. मांडव, माणसंच माणसं, लिंबाला तारेनं बांधलेला कर्णा, त्याच्यातून गाणी. साहेबांनी माझा हात धरून नारळ फोडायला लावला, तो तिसऱ्या वेळी फुटला, साहेब हसले, सगळे हसले. मला कागदात दोन पेढे मिळाले. मी विचारलं होतं, तळ्यात होडी येणार का? साहेब म्हणाले होते, "येणार, तुझ्यासाठी येणार." दहा वर्षं ही माझी लाडकी गोष्ट होती. शाळेत निबंधात लिहिली होती मी. मैत्रिणींना सांगून सांगून कान किटवले होते. ते तळं माझ्या डोळ्यांसमोर भरलेलं होतं, त्याच्यात होडीसुद्धा होती. आणि ते हे होतं. हा मुरूम.

"आप्पा," मी म्हणाले, "हेच आहे ते गाव. कर्ण्याची तार बघा. मी नारळ फोडला होता इथं."

मी असं का बोलले, ते आजही सांगता येत नाही. ताईनं मला आप्पांना आवरायला पाठवलं होतं, उघडं पाडायला नाही. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी असं पाहिलं, जसं टीव्हीकडं पाहिलं होतं त्या संध्याकाळी. मग त्या चौथऱ्याच्या कडेला खाली बसले, इस्त्रीच्या धोतरानिशी, मुरमात.

दिगंबरराव पण शेजारी बसले. "त्या दिवशी तुम्हा पाहुण्यांच्या जेवणाचं पाणी आमच्या बायांनी दीड कोसावरनं डोक्यावर आणलं. हसत आणलं. तळं होऊन राह्यलं म्हणून. माझी मंडळी बी होती त्यांच्यात. ती गेली, तळं बघायचं राहूनच गेलं तिचं." मग म्हणाले, "मला सोयरीक मोडायची न्हाई, माणिकराव. पोरगी गुणाची आहे. पण तो माणूस सरळ मांडवात येणार न्हाई. आलाच तर आधी इथं यावं, या दगडापुढं उभं राहून गावाला तोंड द्यावं. मंग पहिली पंगत त्याची, मी सोता वाढतो. सरळ मांडवात आला तर मी पोराला बोहल्यावरून उठवीन. हे लक्षात ठेवा." आप्पा म्हणाले, "मी बोलतो त्यान्ला." तेवढंच. परतीच्या वाटेवर जालन्याच्या स्टँडवर त्यांनी मला उसाचा रस पाजला, स्वतः घेतला नाही, आणि माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी रस प्याले आणि रडले.

घरी बाईनं नवं येसर भाजायला घेतलं, एकटीनंच. लग्नाच्या दोन दिवस आधी फोन वाजला. पीए नाही, साहेब स्वतः. आधी असं कधी झालं नव्हतं. मी फोन घेतला, आवाज ओळखला, आप्पांना हाक मारली. आप्पा फोनपाशी आले आणि खुर्चीत बसले. बसूनच बोलले. घरातल्या आम्ही तिघी जागच्या जागी थिजलो. पलीकडून साहेब बोलत होते, आम्हाला ऐकू येत नव्हतं. मग आप्पा म्हणाले, "या ना साहेब. पत्रिकेत नाव आहे तुमचं. पण मांडवात यायच्या आधी तळ्यावर या. ...हां, मंठ्याच्या रस्त्याला, आपण नारळ फोडला ते. मी तिथं उभा राहतो. दोघं मिळून लोकांपुढं काय ते बोलू, मंग मांडवात जाऊ." मग त्यांनी काहीतरी ऐकलं, एखादाच शब्द असावा. आप्पांनी फोन ठेवला. बाईनं विचारलं, "काय म्हन्ले?" आप्पा म्हणाले, "बघतो म्हन्ले."

ताई म्हणाली, "आप्पा, आणि ते सरळ मांडवातच आले तर?" आप्पा उठून मागच्या अंगणात गेले. ताईनं त्या रात्री मेंदी काढू दिली नाही हाताला.

लग्न मुलाच्या दारी होतं. वऱ्हाड सकाळी पोहोचलं, हळद झाली, पंगतीच्या पातेल्यांत येसराची आमटी उकळायला लागली. आणि मुहूर्ताला अर्धा तास उरला तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं, नवरीचा बाप मांडवात नाही. कुजबुज सुरू झाली. "साहेबाची वाट बघून राह्यला असंल." "मंत्रिपद गेलं तरी ह्यांची हौस जाईना." एक आमच्या बाजूचा बोलला, त्याला एक त्यांच्या बाजूचा बोलला, दोन खुर्च्या आपटल्या. दिगंबरराव सारखे रस्त्याकडं बघत होते. ताईनं मुंडावळ्या बाजूला सारून माझा हात धरला. "शके, आप्पाला आण. जल्दी." मी पळाले. मागून दिगंबरराव आले, वरबाप असून, डोक्याला फेटा, पायांत चपला नाहीत.

आप्पा त्या दगडाजवळ उभे होते. लिंबाची सावली दहा पावलांवर होती, पण ते उन्हात उभे होते, गुलाबी फेटा बांधून, हातात साहेबांसाठी आणलेला हार. फुलं सुकून माना टाकून बसली होती. आम्ही पोहोचलो तेवढ्यात मंठ्याच्या बाजूनं धुरळा उठला. जीप. दिगंबररावांनी कमरेवर हात ठेवले. आप्पांनी हार दोन्ही हातांत धरला. जीप जवळ आली, हॉर्न वाजवत पुढं निघून गेली. आत बॅंडवाले होते, उशीर झालेले, ढोल छपरावर बांधलेला.

"हळद झाल्यापासून उभा आहे," आप्पा म्हणाले. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. "न्हाई आले."

मी आयुष्यात पहिल्यांदा दोन पक्षांची माणसं एकमेकांसमोर अशी गप्प उभी राहिलेली पाहत होते. मग दिगंबरराव हळूच म्हणाले, "चला माणिकराव. आजपासून व्याही झालात आमचे. उद्या गवंड्याला बोलावतो आणि तुमचं नाव तेवढं छन्नीनं काढून टाकतो ह्याच्यावरचं. येता-जाता लोकं वाचतात, बरं दिसत न्हाई."

आप्पांनी हातातला हार त्या दगडावर ठेवला नाही, टाकलाही नाही. शेळीपुढं धरला. मग उपरण्यानं पाटीवरचा धुरळा पुसला, चौथ्या नावापर्यंत पुसला.

"राहू द्या," ते म्हणाले. "मी आल्तो ना."

आणि माझ्याकडं वळून, तळ्यावरच्या त्या दुपारनंतर पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, "चल शके, पोरगी थांबलीय."